उगवायचा राहिलेला दात

फ्रुइटा गावामागची टेकडी
मला पहिल्या दिवशी वाटली
उलट्या बाजूने वाळत घातलेल्या इरकलीसारखी.
विटका जांभळा, मग शेवाळी, मग पुन्हा विटका जांभळा.
मॉरिसन म्हणतात इथे या खडकाला,
आडनाव असल्यासारखं.
पंधरा कोटी वर्षांचा गाळ.
तेव्हा इथे नद्या होत्या.
आता अंगणातली तुळससुद्धा मीटर बघून प्यायची.

मी गडहिंग्लजची दातांची डॉक्टर.
कोलोराडोत माझी पदवी चालत नाही.
परीक्षा आहेत, परीक्षांची फी आहे,
फी भरण्यासाठी अर्ज करायची आणखी एक फी आहे.
तोवर मंगळवारी आणि गुरुवारी
म्युझियमच्या मागच्या खोलीत, फुकट,
मी एका ॲलोसॉरसचा जबडा साफ करते.

हत्यारं तीच. सुई, स्केलर, फुंकर मारायचा रबरी फुगा.
पेशंट मात्र गुणी.
आ कर म्हणावं लागत नाही,
मध्येच चूळ भरायला उठत नाही.
"दुखतंय का?" सवयीने जातं माझ्या तोंडून
आणि पलीकडच्या टेबलावरून डेल्बर्ट म्हणतो,
आता नाही.

डेल्बर्ट पंचाहत्तरीचा.
त्याच्या बापाने याच खडकातून युरेनियम खणलं
आणि थोडं छातीत भरून घरी आणलं.
हाडांतही उतरलंय ते.
डेल्बर्ट यंत्र जवळ नेतो तेव्हा
जबडा कट् कट् कट् करतो,
थंडीत दात वाजावेत तसा.
"म्हातारा बोलतोय," म्हणतो तो.
हसावं की नाही, मला अजून कळलेलं नाही.

प्लॅस्टर फोडलं त्या दिवशी
आतून वर्तमानपत्र निघालं, एकोणीसशे अठ्ठावन्नचं.
पीचचे भाव, एक हरवलेली गाय,
कुणाच्या तरी लग्नाची चार ओळींची बातमी.
नवरीचं नाव हाडाला चिकटलेलं.
ते भिजवून, न फाडता सोडवायला
मला दोन गुरुवार लागले.
पंधरा कोटींत ते दोन गुरुवार मी कुठे मांडू?

आज मात्र
तिसऱ्या दाताच्या मुळाशी,
जिथे हिरडी असायची तिथला दगड कणाकणाने उकरताना
काहीतरी चकाकलं.
दाताच्या पोटात दात.
करवतीची धार, कोवळी,
एकही घास न चावलेली.

यांना जन्मभर दात येत राहायचे,
एक पडला की खाली दुसरा तयार.
हाही आला असता, महिन्या-दोन महिन्यांत.
तेवढ्यात नदीला पूर आला असावा,
किंवा काहीच नाही, नुसतं मरण.

माझा पहिला दात आईने कौलांवर फेकला होता,
उंदराला सांगून, की हा घे, तुझा दे.
उंदीर शब्दाचा पक्का निघाला.
इथे कुणी कुणाला काही सांगितलेलं दिसत नाही,
आणि दात तरीही वर यायला निघाला होता.

मी तक्ता ओढला. वरचा डावा, तिसरा.
हात आपोआप लिहून गेला:
न उगवलेला. वाट पाहू. सहा महिन्यांनी या.

डेल्बर्टने वाचायला घेतलं. मराठीत होतं.
काय लिहिलंस? म्हणाला.
पुढची तारीख दिलीय, म्हटलं.
त्याने मान हलवली, जणू ही इथली रीतच,
आणि डबा उघडला.

तो उजव्याच बाजूने चावतो.
तीन महिने बघतेय मी.
तीन महिने जीभ दातांखाली धरून बसलेय,
कारण या राज्यात जिवंत तोंडात
माझ्या हाताला परवानगी नाही.

आज न राहवून म्हणाले, डावीकडे काय झालंय?
त्याने घास गिळला. खिडकीबाहेर पाहिलं,
टेकडीच्या जांभळ्या पट्ट्याकडे.
"नुसतं बघायला कसला परवाना?"
म्हणाला, आणि खुर्ची सरकवत
जबड्यावरचा दिवा
स्वतःकडे वळवून घेतला.